डबडं घेताय? आधी मेकॅनिक शोधा

मागच्या महिन्यात इथल्याच, गोव्यातल्या साखळीहून मावसभावाचा फोन आला, "दादा, शिरोड्याला एक पिवळी नॅनो आहे, २०१२ ची, ६० हजार सांगतोय पण ५० ला देईल, घेऊ काय?" म्हटलं तुझा मेकॅनिक काय म्हणतो. तो म्हणाला मेकॅनिक कुठला, अजून गाडीच घेतली नाही. बघा, इथंच सगळ्यांचं घोडं पेंड खातं. असल्या गाडीत गाडी नंतर घ्यायची, मेकॅनिक आधी घ्यायचा. मी हे कोणी सांगितलं म्हणून लिहीत नाहीये, घरात वडिलांची लूना होती, मग एम-एटी आली, मग माझी नॅनो (२०११ ची, अजून आहे, आत्तासुद्धा फणसाखाली उभी आहे) आणि मध्येच एक इलेक्ट्रिक स्कूटर, तिची कर्मकहाणी पुढे सांगतो. दर दोन महिन्यांनी कोणीतरी हेच विचारतं म्हणून म्हटलं एकदाच सगळं टाइप करून टाकू.

आधी डबडं म्हणजे काय ते ठरवू. जुनी मारुती ८०० हे डबडं नव्हे, तिचे पार्ट वाळपईच्या पलीकडे पण मिळतील आणि ती कोणीही डोळे मिटून रिपेअर करतो. मी म्हणतोय त्या गाड्या वेगळ्या. कोणीतरी हट्टाला पेटून "स्वस्तच करणार, छोटीच करणार" म्हणत बनवलेल्या, ज्यात काहीतरी गायब असतं नाहीतर भलत्याच जागी असतं. नॅनोच घ्या ना, चाकाला चार नट असतात हे आपल्याला पाठ, हिला तीन. वायपर एकच. पेट्रोल टाकायचं झाकण पुढच्या बॉनेटखाली, त्यामुळे पंपावरचा नवीन पोरगा अजूनही गाडीला एक प्रदक्षिणा घालतो. सुरुवातीच्या मॉडेलला डिकी उघडतच नाही, मागची सीट पाडून सामान आत ढकलायचं, आणि इंजिन पण तिथंच, मागे. जगात तर याहून एक एक नमुने होऊन गेले. इसेटाला दरवाजा पुढून, म्हणजे फ्रिज उघडल्यासारखा पुढचा भाग उघडायचा आणि आत बसायचं. पूर्व जर्मनीच्या जुन्या ट्राबांटला पेट्रोलचा काटाच नव्हता, टाकीत पट्टी बुडवून बघायचं किती उरलंय. आणि आपल्या इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनी तर नॅनोच्या कितीतरी आधी स्वतःच्या डोक्याने "मीरा" नावाची छोटी कार बनवून रस्त्यावर पळवली होती, ती कारखान्यात बनून विक्रीला कधी आली नाही ही गोष्ट वेगळी, पण माणसाला मानलं पाहिजे.

मजा याच्यातच आहे. ही गाडी घेऊन कुठे थांबलात की कोणीतरी येऊन बोलतंच. पणजीत फोंतेन्हाशच्या गल्लीत मोठ्या गाड्या आरसे मिटून श्वास रोखून जात असतात तिथं तुम्ही वळवून पण येता. फेरीबोटीत कोपरा मिळतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे गाडी समजते. काय बिघडलं ते आवाजावरून कळतं, कारण बिघडण्यासारख्या गोष्टीच मोजक्या असतात. नवीन गाडीत दिवा लागला की लॅपटॉपवाला येईपर्यंत आपण हात बांधून उभे.

पण काटकसर वेगळी आणि चिंगूसपणा वेगळा, हे ओळखता आलं नाही तर पैसे गेले समजा. मी एकच प्रश्न विचारतो, जे काढलंय ते कशाच्या जोरावर काढलंय? नॅनोचे तीन नट चालतात कारण सगळी गाडीच साधारण ६०० किलोची. फ्रान्सची सिट्रोएन टू-सीव्ही १९४८ साली आली, पत्रा पातळ, सीट म्हणजे झोळ्या, इंजिन एवढंसं, पण सस्पेन्शनवर जीव ओतला होता, नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तर अंडी फुटता कामा नये अशीच अट घालून ती बनवली होती. म्हणजे पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही हे कोणीतरी बसून ठरवलेलं. याच्या उलट बाजारातल्या बिननावाच्या स्वस्त ई-स्कूटर बघा, ब्लूटूथ स्पीकर आहे, रिव्हर्स आहे, चावी दाबली की कुत्रं विव्हळल्यासारखा अलार्म आहे, चार रंगांचे दिवे आहेत, आणि ब्रेक दाबला की साबण दाबल्यासारखं वाटतं. दिसतं तिथं ओतलंय, दिसत नाही तिथं कापलंय. असलं काही दिसलं की मी चहा पिऊन परत येतो.

आता मेकॅनिक. शोरूमसमोरच्या मोठ्या गॅरेजात जाऊ नका, त्यांना ही नस्ती कटकट वाटते. छोट्या गाडीला रिक्षावाल्यांचा मेकॅनिक गाठा. बजाजची क्यूट म्हणजे २१६ सीसीचं एकच सिलिंडर, नॅनो दोन सिलिंडरची, असलं इंजिन ज्याच्या हाताखालून रोज जातं त्याला भीती नसते. इलेक्ट्रिक असेल तर मात्र गॅरेजवाला सोडा, इन्व्हर्टर रिपेअर करणारा शोधा. गाडी बघायला जाण्याआधीच फोटो घेऊन त्याच्याकडे जायचं आणि विचारायचं. आमचा ढवळीचा मेकॅनिक फोटो बघून पहिल्यांदा हसतो, मग म्हणतो, "बाब, हिचे पार्ट खंय मेळटले तें सांग पयलीं." हसला तर काळजी नाही. गप्प झाला आणि दुसऱ्या गाडीचा नट खोलायला लागला तर समजून जा, त्याला ही गाडी नको आहे, आणि त्याला नको तर तुम्हालाही नको.

पार्टचं पण लोक चुकीचं विचारतात. इंजिनचे पार्ट मिळतात काय हे सगळे विचारतात, आणि ते बहुतेक मिळतातच, पिस्टन रिंग, क्लच प्लेट, केबल कुठून ना कुठून येतं. अडतं ते भलत्याच गोष्टींनी. पुढची काच. दरवाजाचं हँडल. हेडलाइटचा पूर्ण डोम. दरवाजाचं रबर. बंद पडलेल्या मॉडेलची पुढची काच दगड लागून फुटली तर गाडी महिनाभर ताडपत्रीखाली. म्हणून पैसे देण्याआधी फोन करून या चार-पाच वस्तूंचे भाव घ्या, भाव मिळाला तर वस्तू आहे, "बघून सांगतो" म्हणाला तर नाही. नॅनो २०१८ पर्यंत बनत होती म्हणून अजून निभतं, सिपानी कंपनीची जुनी, फायबरग्लास बॉडीची बादल किंवा डॉल्फिन कोणाच्या अंगणात दिसली आणि प्रेमात पडलात तर मात्र फायबरग्लासचं काम स्वतः शिकायची तयारी ठेवा. (फायबरचं एक बरं, ते गंजत नाही. गोव्यात ही छोटी गोष्ट नव्हे.)

गाडी कुठे चालवणार ते कागदावर लिहा, मनात नको, मनात माणूस स्वतःलाच फसवतो. फोंडा ते म्हार्दोळ, मंगेशी, बाजार, शाळा, देवळात आईला सोडणं, हे सगळं झकास. चोर्ला घाटातून बेळगावला पावसाळ्यात चार माणसं आणि काजूची पिशवी घेऊन जाणं, हे नाही. गाडी चढणार नाही असं नाही, चढेल, पण मागे ट्रक लागला की तुमचं लक्ष रस्त्यापेक्षा आरशात जास्त राहील. झुवारीच्या नव्या पुलावर वारा सुटला की हलकी उंच गाडी बाजूला सरकते, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचं आणि शेजारून बस जाताना आधीच तयार राहायचं, तिचा वारा पण ढकलतो. पणजीच्या अटल सेतूवर दुचाकी-तीनचाकीला बंदी आहे ते लूनावाल्यांना माहीतच आहे. आणि क्यूट ही कायद्याने कारच नव्हे, क्वाड्रिसायकल म्हणून तिचा वेगळा वर्ग आहे, वेग ७० च्या पुढे जात नाही, तेव्हा ती घेऊन मुंबई-पुण्याची स्वप्नं बघू नका.

आणि हे तोंडावर सांगतो, रागवू नका. या गाड्या अपघातात तुम्हाला वाचवायला बनवलेल्या नाहीत. २०१४ साली गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने नॅनो आपटून बघितली तेव्हा शून्य तारे मिळाले, त्याच वेळी दुसऱ्या नेहमीच्या छोट्या गाड्यांना पण शून्यच मिळाले होते ते सोडा. दुचाकीवर चौघं जाण्यापेक्षा ही बरी, एवढाच तिचा हिशोब होता आणि तो खोटा नाही. पण म्हणून हायवेला रात्री पोरांना घेऊन निघू नका. माझी गाडी अंधार पडला की फोंडा तालुक्याच्या बाहेर जात नाही, हा घरचा नियम आहे, बायकोने केलेला.

बघायला जाताना सकाळी लवकर जा आणि कळवून जाऊ नका, म्हणजे कळवा पण तासभर आधी पोचा. इंजिनवर हात ठेवा, थंड पाहिजे. गरम असेल तर मालकाने तुम्ही यायच्या आधी दोनदा धक्के मारून चालू करून ठेवलंय. थंड गाडी पहिल्या-दुसऱ्या चावीला उठली पाहिजे. धूर निळसर आला तर ऑइल जळतंय, काळा आला तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा धूर थंडीत थोडा आला तर ठीक पण गरम झाल्यावरही येतच राहिला तर कूलंट आत शिरतंय, तिथून नमस्कार करून निघा. नॅनोत इंजिन बघायला मागची सीट पाडून आतलं कव्हर काढावं लागतं, मालक म्हणेल "कशाला, परवाच सर्व्हिस केली", तुम्ही हसत हसत काढायला लावा. तिथली वायर बघा. मूळ वायरिंग एकसारखं गुंडाळलेलं असतं, कोणी म्युझिक सिस्टीमसाठी मध्येच कापून काळी टेप मारली असेल तर लगेच दिसतं. २०१० च्या सुमारास काही नॅनोंना आग लागल्याच्या बातम्या आल्या होत्या आणि कंपनीने सायलेन्सर आणि वायरिंगच्या बाजूला जादा संरक्षण फुकट बसवून दिलं होतं, तेव्हा जुनी गाडी असेल तर ते काम झालंय काय विचारा. आग विझवायचा छोटा सिलिंडर सीटखाली ठेवा, खर्च फार नाही.

टायर नुसते गुळगुळीत झालेत काय एवढंच बघू नका, आकडे वाचा. नॅनोला पुढे १३५ आणि मागे १५५ असे वेगवेगळे टायर आहेत, इंजिनचं वजन मागे म्हणून. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने शान म्हणून चारही रुंद टाकले होते, दिसायला गाडी छान, पण पुढचं टोक हलकं आणि पकड जास्त, मग पावसात वळणावर मागचा भाग स्वतःचा विचार करायला लागतो. मी पुढचे दोन बदलले आणि गाडी एकदम शहाणी झाली. हवा पण पुढे-मागे वेगळी असते, दरवाजाजवळ लिहिलेली असते, पंपावरच्या पोराला "सगळीकडे तीस" म्हणू नका.

गंज. यावर मी तासभर बोलू शकतो. आपल्याकडे पाऊस चार महिने, वर समुद्राची खारी हवा आणि लाल माती, ती माती ओली होऊन पत्र्याला चिकटते आणि आत ओल धरून बसते. पातळ पत्र्याला हे पुरतं. वरचा रंग चकचकीत आहे म्हणून खूश होऊ नका, गोव्यात गाडी खालून मरते. पायाखालचं मॅट उचला, दाबून बघा, कुरकुर आवाज आला किंवा मॅट ओलं लागलं तर आत काय चाललंय ते कळलंच. बॅटरीचा ट्रे बघा, दरवाजाची खालची कड नखाने खरवडा, सस्पेन्शन जिथं बॉडीला धरलंय तिथं टॉर्च मारा, बाकी कुठे गंज असेल तर भाव कमी करता येतो पण तिथं असेल तर गाडीच नको. एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्या, आई फ्रिजला चिकटवते तसला पण चालेल. पत्र्यावर फिरवा, जिथं धरत नाही तिथं खाली पुट्टी आहे. बार्देश-सालसेतच्या किनाऱ्यालगत वाढलेली गाडी आणि फोंडा-डिचोलीकडची गाडी यात मी डोळे मिटून दुसरी घेईन.

मग चालवून बघा आणि एकटे नको, वजनदार मित्र घेऊन जा, खायला घाला त्याला नंतर. फर्मागुडीसारखा चढ शोधा, मध्ये थांबा, हँडब्रेक ओढा, पाय काढा, गाडी जागेवर राहिली पाहिजे. तिथूनच परत उचला, क्लच जळका वास देत असेल तर प्लेट गेली. रिकाम्या सरळ रस्त्यावर जोरात ब्रेक मारा, गाडी एका बाजूला ओढते काय बघा. छोट्या चाकाची गाडी खड्ड्यात कशी वागते ते पण बघा, १२ इंची चाक आपल्या पंचायतीच्या खड्ड्यात अर्धं गायब होतं. चोडण किंवा दिवाडीला राहत असाल तर ओहोटीच्या वेळी फेरीच्या रॅम्पवर एकदा चढवून बघाच, उतार जास्त आणि शेवाळ ओलं, तिथं कळतं गाडी कुठे घासते ते.

इलेक्ट्रिकचं वेगळं प्रकरण आहे. बंगळूरची रेवा २००१ ला आली, दोन दरवाजे, प्लास्टिकचे पॅनेल, लंडनमध्ये तीच जी-विझ म्हणून विकली गेली, मला ती अजून आवडते. पण आज कोणी जुनी रेवा स्वस्तात देत असेल तर तो तुम्हाला गाडी देत नाही, आठ मेलेल्या बॅटऱ्या आणि वर एक टोपी देतोय. ६ व्होल्टच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्या, आणि त्या सगळ्या एकसारख्या पाहिजेत, एक कमजोर असली की बाकीच्या सातांना खाली ओढते. म्हणून भाव करताना बॅटरीचा पूर्ण सेट किमतीत धरूनच करा.

आता माझी कर्मकहाणी. लॉकडाउननंतर पेट्रोल चढलं तेव्हा एक स्कूटर घेतली, नाव सोडा, दुकानाचं नाव पण सोडा, ते दुकान आता तिथं नाहीच. दुकानदार म्हणाला लायसन नको, नंबर नको, पोलीस विचारत नाहीत. नियम तसा खरा आहे, मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग २५ पर्यंत असेल तर नोंदणी लागत नाही. पण मग तोच हळूच म्हणाला, "ही एक वायर काढली की ४५ जाते." वायर काढली की तो नियम पण गेला हे त्याने सांगितलं नाही आणि मी पण विचारलं नाही, मलाही ४५ पाहिजेच होते. तशा गाडीने कोणाला धडक दिली तर विमा नाही, नंबर नाही, सगळं तुमच्या खिशातून. नशिबाने तसं काही झालं नाही. झालं ते असं की जूनमध्ये पाऊस लागला, मी गाडी लावून ठेवली ती गणपतीपर्यंत, आणि चतुर्थीला काढली तर बॅटऱ्या ठार. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी ठेवली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि मग ती चार्ज धरतच नाही. कोणी सांगितलं नव्हतं, पण मॅन्युअल मी उघडलं पण नव्हतं. तेव्हा तुम्ही घेतलीत तर वापरा किंवा वापरू नका, पण पंधरा दिवसांनी चार्ज कराच, आणि घेताना नुसती दुकानासमोर गोल फिरवू नका, पूर्ण चार्ज करून मागा आणि संपेपर्यंत चालवा. दुकानदार म्हणेल ८० किलोमीटर, तुम्हाला जेवढे मिळाले तेवढेच खरे, आणि पुढच्या वर्षी त्याहून कमी. कंट्रोलर कुठे बसवलाय तो पण बघा, पायाखाली खाली असेल तर म्हापशाच्या रस्त्यावर पाणी साचलं की तो पहिला बुडणार.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत पण स्वस्त गाडीत लोक इथंच ढिलाई करतात, "५० हजाराची तर गाडी" म्हणून. आरसीवर नाव कोणाचं, बँकेचा बोजा आहे काय बघा, असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र पाहिजे. नाव बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. गाडी एमएच-०७ ची असेल, म्हणजे सावंतवाडी-कुडाळकडून आलेली, तर तिकडच्या आरटीओची एनओसी, इकडे परत नोंदणी आणि रोड टॅक्स हे सगळं किमतीत मिळवा, दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नोंदणी बदलावीच लागते. आणि १५ वर्षं, हे विसरू नका. २०११-१२ च्या नॅनोचा नंबर जवळ आलाय किंवा लागलाय, आरसी रिन्यू करायला गाडी तपासणीला न्यावी लागते आणि तिथं पातळ पत्र्याचं सगळं उघडं पडतं. मालकाला म्हणा रिन्यू करून दे, पाच हजार जास्त घे. नाही म्हणाला तर का नाही म्हणाला ते तुम्हाला कळलं.

एवढं सगळं वाचून जर वाटलं की नकोच बाबा, तर एक मधला रस्ता आहे, दुचाकी डबडं. आमच्या वडिलांची लूना. १९७२ ला आली ही गाडी, ५० सीसी, पायडल असलेली, वडिलांनी ती जुनी घेतली होती एका मास्तरांकडून. चढ आला की ते सायकलसारखे पायडल मारायचे, मागे मी, माझ्या मांडीवर नारळाची पिशवी, आणि पेट्रोल संपलं तरी घरी पोचायचो, असं दुसऱ्या कुठल्या गाडीत होतं सांगा. नंतर आलेली एम-एटी तर आमच्याकडे मासे विकायला येणाऱ्यांची हक्काची, मागे टोपली, हॉर्न ऐकला की मांजरं बाहेर. आज पाव घेऊन पोदेर टीव्हीएस एक्सएलवर येतो. या गाड्यांत काढून टाकण्यासारखं काही उरलेलंच नाही म्हणून त्या टिकतात. जुनी टू-स्ट्रोक घेतली तर दोनच गोष्टी, ऑइल पेट्रोलमध्ये मिसळावंच लागतं कारण तेच इंजिनला आतून वंगण देतं, ते विसरलात तर पिस्टन जाम, आणि जास्त घातलंत तर प्लग काळा तेलकट होऊन गाडी मरते, तेव्हा खिशात प्लगपाना ठेवा. महिनाभर बंद ठेवणार असाल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवा, नाहीतर आत डिंकासारखं साचून जेट बुजतो. आणि हेल्मेट घाला, लूनावर हेल्मेट बघून लोक हसतात, हसू दे.

घेतल्यावरचं थोडक्यात. पावसाळ्याआधी दरवाजांच्या खालची पाणी जायची बारीक भोकं माडाच्या हिराने मोकळी करा, ती चिखलाने बुजतात आणि दरवाजा आतून तळ्यासारखा भरतो. खालून कोटिंग मारून घ्या, पण गंज खरवडून मगच, वरून मारलं तर गंज आत मजेत वाढतो. किनाऱ्याकडे गेलात तर आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा. उंदीर, हा एक मोठा विषय, माझ्या गाडीत इंजिनवर काजूच्या सुक्या पानांचं अख्खं घरटं सापडलं होतं आणि दोन वायरी कुरतडलेल्या, चूक माझीच, गाडी तीन आठवडे हललीच नव्हती. आठवड्यातून एकदा तरी फिरवा. आणि गाडीच्या किमतीच्या निदान निम्मे पैसे वेगळे काढून ठेवा पहिल्या वर्षासाठी. ५० ची गाडी म्हणजे ७५ ची गाडी, हे आधी बायकोला सांगा, नंतर सांगायला त्रास होतो, मला झाला.

हां, तर शिरोड्याची पिवळी नॅनो. गेलो आम्ही रविवारी, मी, मावसभाऊ आणि ढवळीचा मेकॅनिक, त्याला मासळीचं जेवण कबूल करून नेला. गाडी सकाळी थंड होती, दुसऱ्या चावीला उठली, धूर नाही, टायर बरोबर, वायर मूळची. चुंबक सगळीकडे धरला, एका मागच्या कडेला सोडून. मेकॅनिकने ड्रायव्हरच्या बाजूचं मॅट उचललं आणि बोट लावून वास घेतला, कोरडं होतं पण पत्र्यावर पाण्याच्या रेघा. मालक म्हणाला गाडी धुताना आत गेलं असेल. असेल पण, नाही पण. चौदा पावसाळे काढलेत तिने. मेकॅनिक म्हणाला पाणी काचेच्या रबरातून झिरपतंय की खालून येतंय हे आत्ता उन्हात कळणार नाही. मावसभावाने ४८ सांगितले, मालकाने विचार करतो म्हटलं. येत्या शनिवारी परत जातोय, वेधशाळेने पाऊस सांगितलाय, पडला तर बरं.